आमची काही खास नाही हो

एप्रिल आला की आमच्या घरात खोबरेल तेलाची बाटली हीटरवर जाऊन बसते. तेल केसांसाठी नाही, सईच्या बेसबॉलच्या ग्लव्हसाठी. हिवाळाभर माळ्यावर पडून ते कातडं पापडासारखं कडक झालेलं असतं, आणि दुकानात त्यासाठी जी डबी मिळते ती आमच्या लेकीला चालत नाही. ती जमिनीवर मांडी घालून बसते, तेल वितळलं का बघते आणि ग्लव्हच्या एकेका बोटाला ते जिरवत राहते. कातडं आणि खोबरेल यांचा मिळून एक चमत्कारिक वास अ‍ॅमस्टेलव्हीनच्या आमच्या घरभर पसरतो. बाहेर लोक ट्यूलिप बघायला निघालेले असतात. माझा वसंत ऋतू हा असा तेलकट आहे.

मला हा खेळ आवडत नाही, हे आधीच सांगून टाकतो. इथे हॉलंडमध्ये त्याला होंकबाल म्हणतात. एक जण बॉल टाकतो, दुसरा दांडकं फिरवतो, बहुतेक वेळा हुकतो, आणि बाकीचे कंबरेवर हात ठेवून वारा खात उभे असतात. मी ठाण्याचा. ऑफिसच्या लीगमध्ये बारा वर्षं ऑफस्पिन टाकली आहे. टप्पा न पडता येणाऱ्या बॉलला आमच्याकडे फुलटॉस म्हणतात आणि तो टाकणाऱ्याला कॅप्टनच्या चार शिव्या खाव्या लागतात. इथे आख्खा खेळच फुलटॉसचा! त्यात बॅटला सपाट बाजू नाही, मैदानाला पाठची बाजू नाही, आणि बॅट्समन पळायला निघाला की दांडकं टाकून देतो. आमच्याकडे असं कोणी केलं असतं तर त्याला घरी पाठवला असता.

पण सई आठव्या वर्षी शाळेतल्या मैत्रिणीबरोबर क्लबात गेली आणि तिथलीच झाली. गेल्या वर्षी ती बारा वर्षांची होती, आणि त्या वसंतात तिला जगात एकच गोष्ट हवी होती. तेरा वर्षांखालच्या मुलामुलींचा एक निवड संघ असतो. आसपासच्या सगळ्या क्लबांमधून पंधरा जण उचलतात आणि उन्हाळाभर त्यांना शिकवतात. वयामुळे तिला ती एकच संधी होती, पुढच्या वर्षी दार बंद. तिने त्या उन्हाळ्यातल्या सरावाच्या तारखांचा कागद फ्रिजवर लावून ठेवला होता, निवड व्हायच्या आधीच. निवडणारी माणसं मॅचला गुपचूप येऊन बसतात, कोण आणि कधी ते सांगत नाहीत, असं तिच्या कोचने सांगितलं होतं. त्यामुळे सई प्रत्येक मॅचला जाताना आंघोळ करून वेणी घट्ट घालायची. जणू वेणीवर मार्क होते.

आणि रोज शाळेतून आली की मागच्या अंगणातल्या शेडच्या विटांच्या भिंतीवर बॉल. धप्प. झेल. धप्प. झेल. मी घरून काम करायचो तेव्हा माझ्या सगळ्या मीटिंगांना त्या धप्पचा ताल होता. आर्नहेमच्या ऑफिसातला मॅनेजर एकदा म्हणाला, तुमच्याकडे बांधकाम चाललंय का? मी म्हटलं, हो, कधीपासून चाललंय, संपतच नाही.

आता त्या हिरव्यांबद्दल. आमचा क्लब निळ्या टोप्यांचा, आणि आमचं हाडवैर हिरव्या टोप्यांशी. हे वैर कधी आणि कशावरून सुरू झालं हे कोणालाच धड सांगता येत नाही, पण निळ्यांमधला एरवी शांत असणारा दंतवैद्य बाप हिरव्यांचं नाव निघालं की लाल होतो. हिरव्यांचं गाव आर्नहेमच्या अलीकडे. त्यांच्याकडे म्हणे स्टेडियम आहे. आमच्याकडे नुसतं मैदान, त्यांच्याकडे स्टेडियम. हा शब्द आमचे पालक असा उच्चारायचे की माझ्या डोळ्यांसमोर फ्लडलाइट, चाळीस हजार माणसं आणि कुठेतरी ढोल असं सगळं उभं राहिलं. चार वर्षांत माझं तिथे जाणं झालं नव्हतं. गेल्या वर्षी एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी पाळी आली. क्लबाच्या अ‍ॅपवर पालकांना कामं वाटून दिलेली असतात, तसं माझ्या नावापुढे आलं: गाडी आणि स्कोअरर.

गाडीत सई पुढे बसली होती. ग्लव्ह मांडीवर. आमचं बोलणं असं चालतं की मी मराठीत विचारतो आणि ती इंग्रजीत उत्तर देते, भांडण असेल तर डचमध्ये. त्या दिवशी मात्र ती मराठीत म्हणाली, "बाबा, प्लीज. तिकडे गेल्यावर काही बोलू नकोस."

"मी काय बोलतो?"

"तू जे बोलतोस ते. गवताबद्दल, कॉफीबद्दल, सगळ्यांबद्दल."

मी शब्द दिला. मुलगी एवढी मराठीत विनवणी करते म्हणजे प्रकरण गंभीर आहे, एवढं मला कळतं.

आणि शब्द पाळणं किती अवघड होतं म्हणून सांगू! स्टेडियम म्हणजे काय होतं, तर लाकडी बाकांच्या तीन पायऱ्या, त्यातली एक ओली. एक कंटेनर, त्याला खिडकी पाडून केलेलं कॅन्टीन. आठ पॉपलरची झाडं, तीही वाऱ्याने एकाच बाजूला कललेली. मैदानाच्या मागच्या कुंपणापलीकडे मेंढ्या. खऱ्या मेंढ्या, चरत असलेल्या! बॉल कुंपणापलीकडे गेला की होम रन, आणि मग एक काका गमबूट घालून मेंढ्यांत शिरून तो शोधून आणायचे, आणि लोक टाळ्या वाजवायचे. नक्की कोणाला, त्या काकांना की मेंढ्यांना, ते कळायला मार्ग नव्हता. मॅचच्या आधी दोन माणसं लोखंडी जाळी दोरीने ओढत लाल माती सारखी करत होती. इतक्या गंभीरपणे की वाटावं, आता इथे मुहूर्ताने काहीतरी पेरणार आहेत. वीस मिनिटं ओढली. मग पाऊस आला, मग गारा आल्या, मग ऊन पडलं, आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

हे आमचे शत्रू. ह्यांना बघून माझ्या दंतवैद्य मित्राचा रक्तदाब वाढतो.

कॉफीबद्दल बोलणार नाही असं मी सईला वचन दिलं होतं, म्हणून इतकंच सांगतो की ती गरम होती. सोबत चीज घातलेला भाजलेला पाव मिळत होता. त्याला तोस्ती म्हणतात, आणि तोस्ती हवी म्हणून रांगेत उभी असलेली माणसं अशी दिसत होती की घरी त्यांना कोणी पाव-चीजला हात लावू देत नसावं. मी माझ्या पिशवीतल्या डब्यातले मेथीचे ठेपले गुपचूप खाल्ले, कॅन्टीनच्या मागे उभं राहून. कारण खिडकीवर पाटी होती की बाहेरचं खाणं इथे खाऊ नये. शत्रूच्या हद्दीतसुद्धा नियम मोडताना मला चोरट्यासारखं होतं, हा माझा दोष.

स्कोअररचं टेबल जाळीमागे होतं. दोन खुर्च्या, एक त्यांच्या माणसाची, एक माझी. त्यांचा माणूस म्हणजे वाउटर. साठीच्या पुढचा, हिरवी टोपी, पिवळं जाकीट. टेबलावर एका ओळीत मांडलेल्या चार पेन्सिली, चारही सारख्या टोकदार. बाजूला थर्मास आणि एक छोटी वही. मी मनात म्हटलं, आला अंगावर एक पेन्सिलवाला. बायको वैतागून शनिवारचा इथे धाडत असणार. पण स्कोअर ठेवण्यात माणूस पक्का. प्रत्येक बॉलनंतर माझ्या कागदाकडे नजर टाकायचा, आणि मी चुकलो की काही न बोलता पेन्सिलीच्या मागच्या टोकाने तो चौकोन दाखवायचा. मला राग येत होता आणि खोडरबर त्याच्याकडूनच मागून घ्यावा लागत होता.

तिसऱ्या डावात ते झालं. सई उभी होती दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे. सगळ्यात जास्त बॉल तिथेच येतात. हिरव्यांच्या एका धिप्पाड मुलाने बॉल जमिनीलगत मारला, डावीकडे, हाताबाहेरचा. सई आडवी झेपावली. वेणी टोपीतून सुटून मातीत घासली गेली. बॉल ग्लव्हमध्ये अडकला, ती गुडघ्यावर उठली आणि गुडघ्यावरूनच पहिल्या बेसकडे फेकला. तो मुलगा बाद. क्षणभर मेंढ्यासुद्धा गप्प असाव्यात. मग निळे ओरडले आणि हिरव्यांपैकी दोघा-चौघांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या छातीत काहीतरी एवढं मोठं झालं की मला खोकला आला.

वाउटरने पेन्सिल ठेवली. "तुमची मुलगी?" त्याने इंग्रजीत विचारलं.

"हो."

"चांगली आहे."

आता इथे, वाचणाऱ्यांनो, तुम्ही काय म्हणाला असता? मी तेच म्हणालो.

"छे हो. आमची काही खास नाही. जमून गेलं एखादं."

"सराव करते का?"

"कसला सराव! शनिवारी अंथरुणातून ओढून काढावं लागतं. आळशी आहे."

"म्हणजे खेळात तेवढा रस नाही?"

"अहो, आहे आपला वेळ घालवायला. दोन वर्षांत अभ्यास वाढला की सुटेल."

त्याने ती छोटी वही पुढे ओढली. मग म्हणाला, "बरं. इतकं प्रामाणिक कोणी बोलत नाही. थँक यू." आणि त्या छोट्या वहीत त्याने दोन ओळी लिहिल्या. मी खुर्चीत जरा ताठ बसलो. म्हटलं, बघा, आमच्याकडचे संस्कार. इथले बाप आपल्या पोराने साधी शिंक दिली तरी सगळ्या मैदानाला सांगत सुटतात.

आता मला हे समजावून सांगायला हवं, कारण इथे जन्मलेल्या मुलांना ते समजावता येत नाही, हे सईला पुढची गोष्ट सांगून मी नंतर शिकलो. मी शाळेत असताना एका मॅचमध्ये सात विकेट काढल्या होत्या. संध्याकाळी शेजारचे दामले काका दारात आले आणि माझ्या वडिलांना म्हणाले, काय हो, पोराने नाव काढलं! वडील वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, कसलं नाव, समोरच्यांना बॅट धरता येत नसेल. मी आतल्या खोलीत होतो आणि मला काही वाईट वाटलं नाही. कारण पुढचं वाक्य मला माहीत होतं. दामले काका म्हणाले, नाही नाही, असं कसं, गुणी आहे हो मुलगा. वडील म्हणाले, तुम्ही म्हणता तर असेल. संपलं. ते माझं कौतुक होतं, आणि ते पूर्ण झालं होतं. बापाने खाली ढकलायचं आणि शेजाऱ्याने उचलायचं, अशी ती दोघांनी मिळून करायची गोष्ट. इथल्या आमच्या मराठी मंडळात अजून तशीच चालते. पोरगी वर्गात पहिली आली की आई म्हणते, ढ आहे हो, नशीब. आणि समोरची लगेच तिला उचलून धरते. कोणी न चुकता धरतं. आपण सगळे किती तयारीचे आहोत!

वाउटरला हे कोणी सांगितलं नव्हतं. त्याने उचललं नाही. मी लेकीला खाली ढकललं, आणि त्याने शांतपणे लिहून घेतलं की मुलगी खाली पडली.

पत्र दहा-बारा दिवसांनी आलं, ईमेलवर. माझं डच इतकं भिकार आहे की नगरपालिकेचं असो, डॉक्टरचं असो, आमच्या घरी आलेलं प्रत्येक डच पत्र सईच वाचते आणि आम्हाला मराठीत सांगते. ती स्वयंपाकघरात पोळी खात होती. मेधा, माझी बायको, तव्यापाशी होती. मी फोन सईच्या हातात दिला. विषयाच्या ओळीत निवड संघ असं दिसत होतं, तेवढं मलाही कळलं. तिने पोळी खाली ठेवली आणि हात पुसला.

"टेक्निक खूप चांगलं," ती सांगायला लागली. "हात फास्ट आहेत. थ्रो स्ट्राँग." तिचा आवाज चढत होता. मग ती थांबली. ओठ हलत होते, ती ओळ पुन्हा वाचत होती.

"पुढे?" मी म्हणालो.

"वडिलांच्या मते," ती हळूहळू, शब्द शोधत म्हणाली, "ती प्रॅक्टिस करत नाही. ती आळशी आहे. तिला पुढे खेळायचं नाही. म्हणून ही जागा दुसऱ्या कोणाला." खाली नाव वाउटरचं होतं. तिने फोन टेबलावर ठेवला. "बाबा, हे तू सांगितलंस?"

तव्यावरची पोळी जळायला लागली होती. मेधाने गॅस बंद केला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "बोल ना आता. एरवी तोंड बंद होत नाही तुझं."

"अगं, तसं म्हणायचं असतं," मी म्हणालो.

"का?" सईने विचारलं.

"पद्धत आहे आपली. मग समोरच्याने म्हणायचं असतं, नाही नाही, छान आहे मुलगी."

"त्यांना माहीत होतं का, की त्यांनी असं म्हणायचं असतं?"

ती रडत नव्हती. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती मन लावून विचार करत होती, गणित सोडवताना करते तसा.

"ओके," ती म्हणाली. "लोकांसमोर नाही म्हणायचं. मग घरी कधी म्हणालास?"

मी वाउटरला पत्र लिहिलं. लांबलचक लिहिलं, आपली संस्कृती, नम्रता, शेडची भिंत, रोजचे दोन तास, सगळं. सईकडून डच करून घ्यायचं धाडस झालं नाही, इंग्रजीतच पाठवलं. उत्तर तीन ओळींचं आलं. यादी भरली आहे, त्याबद्दल वाईट वाटतं. आणि शेवटी प्रश्न: जे खरं नव्हतं ते तुम्ही मला का सांगितलंत? मला त्या माणसाचा असा संताप आला की विचारू नका. पेन्सिलवाला! मेंढपाळ! चार दिवस मी त्याला मनातल्या मनात धारेवर धरलं. पाचव्या दिवशी मीटिंगमध्ये असताना माझ्या लक्षात आलं की धप्प ऐकू येत नाहीये. मागच्या अंगणात नुसते कबुतरांचे आवाज. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, जूनमध्ये नाही. फ्रिजवरचा कागद कोणीतरी काढून टाकला होता. तिथे चुंबक तेवढं राहिलं होतं. आर्नहेमचा मॅनेजर म्हणाला, झालं वाटतं बांधकाम? मी हो म्हटलं.

माझ्यासारखा माणूस आयुष्यभर सगळ्याला नावं ठेवत आला. गवताला, कॉफीला, हवेला, दुसऱ्यांच्या शहाणपणाला. आणि ह्या सगळ्यात तुच्छ कोण निघालं, तर टेबलामागे ताठ बसून स्वतःच्या लेकीला शत्रूच्या वहीत आळशी म्हणून लिहायला लावणारा तो ठाण्याचा ऑफस्पिनर. हे मी नम्रतेने म्हणत नाही. ह्यावर कोणी नाही नाही म्हणायची गरज नाही.

ऑगस्टच्या शेवटी एकदा भर दुपारी पहिला धप्प झाला. मी लॅपटॉप म्यूट केला आणि बसून राहिलो.

यंदा एप्रिलमध्ये बाटली पुन्हा हीटरवर चढली, आणि अ‍ॅपवर माझ्या नावापुढे पुन्हा तेच आलं: गाडी, स्कोअरर, हिरव्यांचं गाव. मी कोणाशी तरी पाळी बदलून घेऊ शकलो असतो. घेतली नाही. गाडीत सई खिडकीबाहेर बघत होती. ह्या वेळी तिने मला काही बोलू नकोस असं सांगितलं नाही. तिने ते सांगितलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

स्टेडियम तसंच. ओली पायरी ओलीच. पॉपलर अजून कललेले, गमबूटवाले काका एका वर्षाने म्हातारे झालेले. कंटेनरला नवा हिरवा रंग दिला होता, म्हणजे आता तो रंगवलेला कंटेनर दिसत होता. वाउटर टेबलाशी, चार पेन्सिली. मी बसलो. त्याने मान हलवली. मी एक वाक्य डचमध्ये पाठ केलं होतं. चार शब्दांचं. गाडीत मनात घोळवत आलो होतो, बाजूला बसलेल्या सईला ऐकू जाऊ नये इतकं मनात. पहिला डाव गेला, दुसरा गेला. शेवटी मी ते म्हणालो. माझी मुलगी चांगली खेळते. ठाण्याच्या उच्चारात म्हणालो आणि कान गरम झाले. माझ्या वडिलांनी ऐकलं असतं तर वर्तमानपत्र खाली ठेवून माझ्याकडे बघितलं असतं.

वाउटरने चौकोन भरला, पेन्सिल ठेवली आणि इंग्रजीत म्हणाला, "माहीत आहे. गेल्या वर्षीही दिसत होतं. पण मी तिला तासभर बघितलं होतं, तुम्ही बारा वर्षं. म्हणून मी तुमचं ऐकलं."

त्याच्या बोलण्यात काही टोचून बोलणं नव्हतं. थर्मासमधली कॉफी त्याने मला दिली. मी प्यायलो.

डाव संपला आणि सई पाण्यासाठी जाळीपाशी आली. गुडघ्यावर माती, वेणी सुटलेली, ग्लव्ह काखेत. खोबरेलाचा वास जाळीतून आला. मराठी बोलणारी त्या मैदानावर आम्ही दोघंच होतो.

"काय सांगत होतास त्यांना?" तिने मराठीत विचारलं.

"तू चांगली खेळतेस म्हणून."

"ते त्यांना सांगितलंस," ती म्हणाली, आणि बाटलीचं झाकण लावत राहिली. ते केव्हाच लागलं होतं.

मेंढ्यांवर, मातीवर, तोस्तीवर ज्याला तासभर बोलता येतं त्या माणसाच्या तोंडात शब्द येईना. मी जाळीत बोटं अडकवली. "सई," मी म्हणालो, "तू फार छान खेळतेस."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग तिने खांदे उडवले आणि चेहरा अगदी सरळ ठेवून, माझ्या वडिलांच्या सुरात, ज्यांना तिने कधी पाहिलंही नाही, ती म्हणाली, "छे रे बाबा. काही खास नाही. जमून जातं."

पंचांनी हाक मारली. तिच्या संघातली मुलं मैदानात निघाली होती. पण सई जागची हलली नाही, जाळीपाशी थांबून राहिली.

"नाही नाही," मी म्हणालो. "असं कसं? खरंच छान खेळतेस."

"तू म्हणतोस तर असेल," ती म्हणाली, आणि पळत गेली.